बुटात कुणाचा हात?

२ सप्टेंबर

समितीनं ठरवलं. डोंगरावरची जुनी पायवाट खाणवाली कंपनी कुंपण घालून बंद करणार आणि आपण हात चोळत बसायचं? मुळीच नाही. महिनाअखेरीस वर खिंडीत सुनावणी आहे. वाट खरंच वापरात आहे की नाही, हे अधिकारी स्वतः येऊन बघणार. कंपनीचं म्हणणं असं की या वाटेनं वर्षानुवर्षं कुणी फिरकलेलं नाही, वाट मेली. म्हणून आम्ही तिच्यावरूनच चालत जाणार. चौथ्या दिवशी खिंड गाठायची, आणि खिंडीत बोलायचं मी.

आमचे चिटणीस म्हणाले, "तोफसाहेब, तुम्ही गाडीनं या ना. पलीकडून रस्ता आहे. तुमचं भाषण महत्त्वाचं." लगेच सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या समितीत चहात साखर किती यावरही एकमत होत नाही, आणि इथं सगळ्यांच्या माना एका तालात! मला संशय येणार नाही तर काय होईल? वाट जिवंत आहे हे सांगायला मी गाडीतून उतरू? कंपनीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारील.

मी सांगितलं, चालत येणार आणि सगळ्यांच्या पुढे चालणार. चिटणिसांचा चेहरा पडला. पुढे कुणाला चालायचं होतं ते मी ओळखून आहे. लोक मला तोफ म्हणतात ते उगीच नाही, आणि तोफ मागून ओढत नेत नाहीत.

५ सप्टेंबर

हिनं मला गोड बोलून डॉक्टरकडे नेलं. मुलगी आधीच तिथं येऊन बसलेली. म्हणजे कट शिजलेला होता.

माझी रक्तातली साखर जुनी आहे, ती काही आजची बातमी नव्हे. पण डॉक्टरनं आज नवाच खेळ काढला. म्हणाला, "डोळे मिटा. तळपायाला हा नायलॉनचा दोरा लावतो. लागला की हो म्हणा." मी डोळे मिटले. वाट पाहिली. चांगलीच वाट पाहिली. शेवटी डोळे उघडले तर हा लिहीत बसलेला.

"सुरू कधी करणार?" मी विचारलं.

"झालं की. सगळीकडे लावून झाला."

मी आयुष्यभर मालकांशी वाटाघाटी केल्या आहेत. न दिलेली वस्तू दिली म्हणून सांगणारे मला नवे नाहीत. मी म्हणालो, "डॉक्टर, दोरा लावलाच नाहीत तुम्ही. आता माझ्या डोळ्यांदेखत लावा." त्यानं लावला. अर्थात, बघत असताना मला तो लागला.

मुलीनं हिच्याकडे पाहिलं, हिनं खिडकीबाहेर. डॉक्टर म्हणाला, "डोंगर चढायचाच असेल तर निदान बूट-मोज्यांचं नीट बघा. तुम्हाला फोड येऊन चालणार नाही." मी म्हटलं, "फोड कुणालाच येऊन चालत नाहीत, पण येतात. म्हणून काय माणसानं घरात बसायचं?" बाहेर बसलेल्या पेशंटांपैकी दोघांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरचा दवाखाना कंपनीच्या कामगार वसाहतीसमोर आहे, हे नोंदवून ठेवतो.

९ सप्टेंबर

विचित्र प्रकार. बाजारातून घरी आलो तर ही दारातच म्हणाली, "अहो, डाव्या पायातली चप्पल कुठंय?" खाली पाहिलं. चप्पल नव्हती. शिंप्याच्या कोपऱ्यावर सापडली, रस्त्याच्या मधोमध. ही आधी हसली. मग एकदम हसायची थांबली.

मी विचार केला. चप्पल आपोआप पायातून जाते आणि मालकाला पत्ता लागत नाही, असं कसं होईल? कुणीतरी मागून टाचेवर पाय दिला असणार. त्या कोपऱ्यावरच्या टपरीवर कंपनीचा एक माणूस नेहमी उभा असतो. माझी चाल बिघडवायची, मला रस्त्यात हास्यास्पद करायचं. असल्या बारीकसारीक गोष्टींतून माणसाचं मन खच्ची करतात.

संध्याकाळी पाय धुवायला बसलो तेव्हा हिनं बादलीत हात घातला आणि किंचाळली, "केवढं कढत पाणी हे! पाय भाजले ना!" मला तर कोमटच वाटत होतं. वय झालं की बायकांचे हात नाजूक होतात.

१२ सप्टेंबर

शत्रूच्या गोटातून भेट आली.

माझा जावई त्याच खाणीच्या कंपनीत मोजणीचं काम करतो. खांद्यावर दुर्बीण आणि तिकाटणं घेऊन डोंगर पालथे घालतो. मुलीनं स्वतः पसंत केला तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो की माणूस चांगला आहे, फक्त चुकीच्या बाजूचा आहे. आज तो हातात खोकं घेऊन आला. खोक्यात बूट.

"बाबा, घालून बघा. मुद्दाम संध्याकाळी आणले. दिवसभरात पाय सुजतो, त्या मापाचे बूट हवेत."

घातले. मी म्हटलं, "जावईबापू, हे मोठे आहेत."

"एक नंबर मोठेच घ्यायचे. उतारावर पाय पुढे सरकतो, तेव्हा अंगठ्यापुढे बोटभर जागा लागते. टाच मात्र हलता कामा नये. हलतेय का?"

"मला काय माहीत?"

त्यानं वर पाहिलं. मग गुडघ्यावर बसून स्वतःच्या बोटानं टाचेमागे चाचपलं आणि नाड्या वरच्या जादा भोकांतून ओवून घट्ट केल्या. माझ्या पायाशी जावई बसलेला पाहून ही संकोचली. मला संकोच वाटला नाही, शंका वाटली. पगार कंपनीचा खायचा आणि कंपनीविरुद्ध चालणाऱ्याला बूट द्यायचे, हे कुठल्या तत्त्वात बसतं? आणि तेही मोठ्या मापाचे, म्हणजे खिंडीत हजारो डोळ्यांपुढे विदूषकासारखा धडपडेन!

मी सांगितलं, "माझे संपातले बूट आहेत. त्या बुटांनी मालकाच्या दारापर्यंत मोर्चा नेलाय."

ही आतून म्हणाली, "त्या बुटांत गेल्या वर्षी उंदरानं पिल्लं घातली."

घरभेदी म्हणतात ते हेच.

१५ सप्टेंबर

नवे बूट घालून घरात येरझाऱ्या. जावयाचा हुकूम असा की नवा बूट थेट डोंगरावर न्यायचा नाही, आधी घरात घालून मऊ करायचा. ही सारखी विचारते, "कुठं घासतंय का? कुठं गरम लागतंय का?" मी म्हणतो, नाही. खरंच नाही. मग ती माझे मोजे काढून तळवे बघते, उलटेसुलटे करून, भाजीवालीकडची वांगी बघावीत तशी.

आज मुलगी मोजे घेऊन आली. दोन-दोन जोड एकावर एक घालायचे म्हणे: आतला पातळ, बाहेरचा जाड. घासायचं असेल तर मोजा मोज्याला घासेल, कातडीला नाही. सुती नकोत, सुती मोजा घाम पिऊन ओलाच राहतो आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतो. एवढं मी ऐकून घेतलं. पण मोजे पाहिले तर सगळे पांढरेशुभ्र.

"डोंगरात पांढरे मोजे?"

"डाग पडला तर लगेच दिसेल, बाबा."

"डागाला भितो कोण? आयुष्यात एक डाग लावून घेतला नाही मी."

"तो डाग नाही हो," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. बापाला शरण यायला लावताना मुलीच्या डोळ्यांत पाणी येणारच.

पांढरं निशाण कधी फडकवतात ते मला शिकवायला नको. पण मोजे परत केले नाहीत. ती रडत असताना मला युक्तिवाद सुचत नाही, ही माझी जुनी उणीव आहे.

२० सप्टेंबर

कुणीतरी माझ्या बुटांना हात लावतं.

रात्री मी बूट दाराशी एका ओळीत ठेवतो. छापखान्यात उभ्यानं आयुष्य गेलं, ओळ वाकडी झालेली मला लांबून कळते. सकाळी उजव्या बुटाची जीभ बाहेर ओढलेली होती. काल डाव्याची. विचारलं तर घरात सगळे मुके.

आतल्या तळपट्टीखाली काही शिवून ठेवलं असेल का? मी कुठं जातो, कुणाला भेटतो, ते कळवणारं एखादं यंत्र? हल्ली असली यंत्रं गुंडीएवढी असतात म्हणे. मी तळपट्टी काढून पाहिली. काही नव्हतं. पण काही नसणं हाही पुरावा होऊ शकतो.

२३ सप्टेंबर

सापळा लावला आणि चोर पकडला!

छापखाना बंद झाला तेव्हा आठवण म्हणून मी काही खिळे आणले होते. खिळे म्हणजे शिशात ओतलेली एकेक अक्षरं, ती हातानं जुळवून आम्ही मजकूर उभा करत असू. त्यातला एक कोरा खिळा माझ्या खिशात कायम असतो. दोन शब्दांमध्ये जागा सोडायला तो बसवतात, त्याच्यावर अक्षर नसतं. भाषणाआधी तो बोटांत फिरवायची मला सवय आहे. काल रात्री तो उजव्या बुटात, अंगठ्याच्या बाजूला सरकवून ठेवला. कुणी हात घातला तर तो जागेवरून हलणारच.

सकाळी खिळा खिडकीच्या कट्ट्यावर.

"हे तुमचं ना?" ही म्हणाली. "बुटात सापडलं."

"म्हणजे बुटात हात तू घालतेस!"

"रोज घालते. आत खडाबिडा असला तर?"

"खडा असता तर मला कळलं नसतं का?"

तिनं खिळा माझ्या हातात ठेवला, माझी मूठ मिटली आणि मिटलेल्या मुठीवर आपला हात ठेवून क्षणभर उभी राहिली. इतक्या वर्षांत मी तिला निरुत्तर केल्याचे प्रसंग मोजके. आजचा त्यात धरायला हरकत नाही.

पण प्रश्न राहतोच. हिला हे शिकवलं कुणी?

२७ सप्टेंबर, डोंगराच्या पोटातली शाळा

निघालो! पहिला दिवस पार पडला. शाळेच्या वर्गात मुक्काम आहे, बाकं भिंतीला लावून सतरंज्या टाकल्यात.

गुडघे दुखतात म्हणून ही आली नाही. आणि तिच्याऐवजी कोण यावं? जावईबापू! रजा टाकून आलाय म्हणे. कंपनीचा माणूस आमच्या यात्रेत! चिटणीस माझ्या कानाशी लागले, "साहेब, यांना घेणं कितपत बरं?" मी म्हणालो, "येऊ द्या. साप बिळात असण्यापेक्षा अंगणात बरा, दिसतो तरी." पण दिवसभर तो माझ्या मागेच. पुढे नाही, बरोबर नाही, मागे. त्याची नजर माझ्या टाचांवर. थांबलो की लगेच, "बाबा, मोजे बदलू या." ओले मोजे माझ्याच पिशवीला बाहेरून टाचणीनं अडकवून वाळवतो. पुढाऱ्याच्या पाठीवर मोजे फडकताहेत! मागची पोरं हसत होती. एक म्हणाला, "तोफेला बत्तीऐवजी मोजे लावलेत."

बाकीच्यांचे हाल पाहवत नाहीत. चिटणीस जाड सुती मोजे घालून आलेत, ओढा ओलांडताना ते भिजले आणि दुपारपासून टाच धरून बसताहेत. जावयानं त्यांना ओरडूनच थांबवलं, "गरम लागायला लागलं त्याच क्षणी थांबायचं असतं, काका! फोड आल्यावर काय उपयोग?" चिकटपट्टी लावली, स्वतःचा कोरडा मोजा दिला. शत्रूच्या हातची चिकटपट्टी चिटणिसांनी निमूट लावून घेतली. माणसं फोडापुढे तत्त्व विसरतात.

माझे पाय? उत्तम. ना ठणका, ना जळजळ. सगळ्यांसमोर बूट काढून दाखवले, एक फोड नाही. टाळ्या पडल्या. माझ्या निम्म्या वयाची मंडळी लंगडताहेत आणि म्हातारा ठणठणीत! मी म्हणालो, "पाय निश्चयानं चालतात." जावई एकटाच टाळ्या वाजवत नव्हता.

२८ सप्टेंबर, सकाळ

उठलो तर जावई माझ्या बुटात हात घालून बसलेला. कोपरापर्यंत!

"काय शोधताय?"

"खडे. रोज बघायला सांगितलंय आईंनी."

आई म्हणजे ही. म्हणजे शिकवणीची गाडी कोणत्या दिशेनं धावते, ते आता कळलं की नाही? मी बूट ओढून घेतले.

तोच दिवस, दुपार

वाटेत मागे वळून पाहिलं तर तो झाडाआड उभा राहून फोनवर बोलत होता. वाऱ्यानं शब्द आले: "हो साहेब... कंपनीच्याच रस्त्यानं... शेडपर्यंत आणता येईल... उद्या लागेलच असं नाही, पण तयार ठेवा." मला पाहून आवाज खाली आणला.

काय तयार ठेवा? पोलीस? कुंपणाचं सामान? उद्याचा आमचा मुक्काम वनखात्याच्या शेडमध्येच आहे, खिंडीच्या ऐन पायथ्याशी. चिटणिसांना सांगितलं. ते म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो." म्हणाले आणि पुन्हा त्याच्याकडे चिकटपट्टी मागायला गेले.

तोच दिवस, संध्याकाळ

आजचा मुक्काम एका गुराख्याच्या गोठ्याशेजारी. मी खिळा पुन्हा उजव्या बुटात सरकवला, अंगठ्याच्या अंगाला. या वेळी सकाळी तो खिडकीत सापडणार नाही, कारण इथं खिडकीच नाही. जावयाच्या खिशात सापडेल.

पण मग मनात आलं, फोन झाल्यावर नुसता सापळा पुरेसा नाही. उद्या सकाळी बूटच गायब असले तर? पुढाऱ्याचे बूट पळवले की यात्रा आपोआप बसते. म्हणून बूट घोंगडीत गुंडाळून उशाशी घेतले आहेत. आता घाला म्हणावं हात.

२९ सप्टेंबर, दुपार

सकाळी जावई आला, "बाबा, बूट द्या जरा." मी म्हणालो, "हात लावायचा नाही. काल सोसलं, आज नाही. हे माझे पाय आहेत, माझी वाट आहे." त्यानं सगळ्यांदेखत हात जोडले, "एकदाच बघू द्या, मग हवं ते बोला." पण त्याला मागे सारून मी बूट चढवले, नाड्या आवळल्या आणि पुढे निघालो. चिटणीस म्हणाले, "शाबास!"

भराभर चाललो. डोंगराची चढण अशी की दम लागावा, पण आज माझ्या अंगात वेगळंच वारं होतं. वाटेत उद्याच्या भाषणाचा शेवट जुळवला: वाट कागदावर मरत नाही, ती पायांखाली जगते! बोटांत फिरवायला खिळा शोधला, खिशात नव्हता. असेल पिशवीत.

दुपारचा थांबा घेतला आहे. मोजे बदलायला मी नकार दिला. आजूबाजूला जो तो बूट काढून कण्हतोय. चिटणिसांची टाच शेवटी फुटली. माझे पाय निर्विकार, दगडासारखे.

तोच दिवस, शेड

लिहितो. लिहायलाच हवं.

शेडमध्ये आलो, बसलो, बूट काढले. चिटणीस काहीतरी बोलत होते ते अर्ध्यावर थांबले. मी त्यांच्या नजरेच्या रोखानं खाली पाहिलं. उजवा मोजा पांढरा नव्हता. अंगठ्यापासून चवड्याच्या मध्यापर्यंत लाल, आणि कडेला वाळून काळपट झालेला.

माझा पहिला विचार इथं जसाच्या तसा लिहून ठेवतो: कुणीतरी माझ्या मोज्यावर रंग ओतला.

जावई धावत आला. मोजा हळूच सोलला, आतला पातळही. मी बघत होतो, म्हणून मला कळत होतं की तो माझा पाय आहे. अंगठ्याखाली मोठा फोड फुटून कातडी लोंबत होती आणि आत एक चौकोनी खड्डा पडला होता, कडा सरळ रेषेत आखल्यासारख्या. त्यानं बूट उलटा केला. आधी काही पडलं नाही. दगडावर आपटला, तेव्हा तळपट्टीला चिकटून बसलेला खिळा टणकन खाली पडला.

माझा खिळा. मीच ठेवलेला. त्याच्यावर अक्षर नसतं, तरी सगळं वाचता आलं.

"हा कुणी..." चिटणिसांनी जावयाकडे बघत सुरुवात केली.

"मी," मी म्हणालो.

जावयानं पाणी उकळून गार केलं, जखम धुतली, स्वच्छ पट्टी बांधली. तेव्हाही मला काही लागत नव्हतं. सकाळपासून शिशाचा तुकडा माझ्या मांसात शिरत होता आणि मी भाषणाचा शेवट जुळवत होतो. दोरा, चप्पल, कढत पाणी, सगळं एकामागून एक आठवू लागलं, आणि प्रत्येक वेळी मी कुणाकुणाला आरोपी केलं तेही. डॉक्टरनं दोरा लावला होता.

तरी मी म्हणालो, हे लिहायला लाज वाटते, पण म्हणालो, "उद्या फक्त शेवटची चढण आहे. मला दुखत नाही. मी चालू शकतो."

"तेच तर," जावई म्हणाला. "तुम्ही चालू शकता, बाबा. पाय जाईपर्यंत चालू शकाल. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

मी सभा जिंकल्या आहेत. आज डावा बूटही उचलून त्याच्या हातात दिला.

३० सप्टेंबर

मला न्यायला जीप आली. कंपनीची. खाणीच्या मोजणीसाठी त्यांनी डोंगरात कच्चा रस्ता काढलाय, तो शेडपर्यंत येतो. परवाचा फोन यासाठी होता. जावयानं साहेबाला विनवून ठेवलं होतं की सासऱ्यांना लागली तर जीप सोडा.

"मला सांगायचंत ना," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तुम्ही जीपपुढे आडवे पडला असतात."

खरं आहे.

ज्या कंपनीविरुद्ध निघालो तिच्याच गाडीत, पाय पिशवीवर उंच ठेवून बसलो. मंडळी खिंडीकडे वळली. चिटणीस लंगडत माझ्यापाशी आले. मी भाषणाचे कागद पुढे केले. ते म्हणाले, "साहेब, हे तुमच्याच तोंडी शोभतं. मला एवढं नाही जमायचं. मी आपलं जमेल ते बोलतो." मग म्हणाले, "गाडीनं या म्हणालो होतो, ते पुढे चालायला मिळावं म्हणून नव्हतं हो. वहिनींनी सांगितलं होतं."

म्हणजे माना डोलल्या त्या यासाठी.

२ ऑक्टोबर

चिटणीस घरी येऊन गेले. सुनावणीत वकील उभा राहिला आणि म्हणाला, ही सगळी मंडळी पलीकडच्या रस्त्यानं गाडीनं आली आहेत. चिटणिसांना संताप आला, पण शब्द सुचेनात. तेव्हा ते खाली बसले, अधिकाऱ्यांपुढे बूट काढले, मोजा काढला आणि फुटलेली टाच पुढे केली. म्हणाले, "साहेब, गाडीत बसून हे येतं का?" त्यांच्यामागे एकेकानं बूट काढले. खिंडभर उघडे पाय. अधिकारी खाली वाकून बघत राहिले. निकाल राखून ठेवला आहे, पण तोवर कुंपण घालू नये असं तिथल्या तिथं सांगितलं.

मी तिथं असतो तर मला दाखवायला काय होतं? दुखतंय असं म्हणणारे पाय होते ते. माझे पाय मला इतके दिवस छान, उत्तम म्हणत होते आणि मी, ज्यानं कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवला नाही, त्यांच्यावर डोळे मिटून ठेवला.

९ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाला, हाडापर्यंत गेलेलं नाही, पाय वाचेल असं दिसतं. घाई मात्र करायची नाही. पुन्हा दोरा लावला. मी डोळे मिटले आणि लागला नाही तेव्हा वाद घातला नाही. रोज संध्याकाळी ही तळव्याखाली आरसा धरते आणि मी बघतो. आरशात तळवा म्हणजे परक्या गावाचा नकाशा वाटतो.

"काय दिसतं?" ती विचारते.

"तू सांग."

जावयाला कंपनीनं दुसरीकडे टाकलं, डोंगरावरून काढून कचेरीत. त्यानं स्वतः सांगितलं नाही, मुलीकडून कळलं. मी विषय काढला तर म्हणाला, "बरंच झालं. चपला घालून जाता येतं."

आज प्रथमच दारापर्यंत जायची परवानगी मिळाली. हिनं मऊ सपाता पुढे केल्या. मी त्या उचलल्या, उजेडात धरल्या, आत हात घालून टोकापर्यंत चाचपलं. आधी उजवी, मग डावी. काही नव्हतं. तरी पुन्हा एकदा चाचपलं. मग जावयाला हाक मारली आणि सपाता त्याच्यापुढे धरल्या.

"जावईबापू, जरा बघा."

"तुम्ही बघितल्यात ना आत्ता?"

"मी बघितल्या," मी म्हणालो, "म्हणूनच."

त्यानं खाली बसून दोन्हींत हात घातला.